वर्ध्याच्या संस्थांच्या जन्मपत्रिका

आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या घरांत कपाटाच्या अगदी वरच्या खणात एक जाडजूड ग्रंथ असतो. त्याचे नाव कुलवृत्तांत. मूळ पुरुष कोण, तो गाव सोडून केव्हा निघाला, कोणत्या नदीकाठी स्थिरावला, त्याच्या चार मुलांच्या चार शाखा कुठे पसरल्या, हा सारा पसारा त्यात झाडाच्या फांद्यांसारखा काढलेला असतो. एरवी त्याच्यावर धूळ साचते, पण घरात मुंज ठरली किंवा सोयरीक जुळू लागली की तो खाली उतरतो आणि मूळ पुरुषाच्या नावावर बोट ठेवून आजोबा नातवाला म्हणतात, "हे बघ, इथून आपण आलो."

रक्ताच्या नात्याने बांधलेल्या माणसांनाही जर आपले मूळ असे अधूनमधून उघडून पाहावेसे वाटते, तर ज्यांच्यात रक्ताचे नाते मुळीच नाही अशा मंडळींनी काय करावे? त्यांना तर आपली जन्मकथा जरा मोठ्यानेच सांगावी लागते. दुकानाच्या पाटीवर 'स्थापना' लिहून पुढे साल घातलेले असते ते उगीच नव्हे. गणेशोत्सव मंडळाच्या कमानीवर "वर्ष ७५ वे" हे अक्षर गणपतीच्या नावापेक्षाही ठळक असते. तालीम, भजनी मंडळ, भगिनी मंडळ, वाचनालय, कुणीही घ्या. भिंतीवर संस्थापकांची तसबीर आणि वर्षातून एक दिवस तिला हार, हे ठरलेले.

या बाबतीत अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी मात्र कमाल केली आहे. तिथल्या महाविद्यालयांत मुलांचे बंधुसंघ आणि मुलींचे भगिनीसंघ असतात. लॅटिन भाषेत भावाला 'फ्रातेर' आणि बहिणीला 'सोरोर' म्हणतात, त्यावरून त्यांना फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी ही नावे पडली. आपले 'भ्रातृ' आणि 'स्वसृ' हे संस्कृत शब्द त्याच घराण्यातले, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. या संघांना ग्रीक अक्षरांची नावे असतात. गुप्त शपथ असते, छातीवर लावायचे चिन्ह असते आणि दर वर्षी पाळायचा 'संस्थापक दिन' असतो. नव्या मुलीला संघात घेताना संस्थापिकांची नावे तिच्याकडून पाठ करून घेतात. यांतला आद्य संघ फाय बीटा कॅपा. ५ डिसेंबर १७७६ या दिवशी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी तो काढला, आणि त्याच्या जन्मकथेत रॅले टॅव्हर्न नावाची एक खानावळ येते. ही खानावळ १८५९ साली जळून खाक झाली. पुढे तिथे हुबेहूब तशीच इमारत पुन्हा उभी करून १९३२ साली ती लोकांना पाहायला खुली केली! इलिनॉय राज्यातल्या मॉनमाउथ गावी २८ एप्रिल १८६७ रोजी बारा मुलींनी एका घराच्या माडीवर बसून जो संघ स्थापला, तो आज पाय बीटा फाय या नावाने ओळखला जातो. ते 'होल्ट हाउस' नावाचे घर संघाने पुढे विकत घेतले आणि संग्रहालयासारखे जपले.

पण याच देशात १३ जानेवारी १९१३ ला वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या बावीस कृष्णवर्णीय मुलींनी डेल्टा सिग्मा थीटा हा भगिनीसंघ काढला, आणि दोन महिन्यांच्या आत, ३ मार्चला, त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. या संघाच्या भगिनी आपली जन्मकथा सांगताना माडी सांगत नाहीत, मोर्चा सांगतात. जन्मकथा सांगण्याचे हे दोन प्रकार वाचकांनी ध्यानात ठेवावेत, कारण आता आपल्याला वर्ध्याला जायचे आहे.

वर्ध्याचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे एक चरखा आणि एक झोपडी येते. पण संस्थांच्या जन्मासाठी या गावाइतकी सुपीक जमीन देशात क्वचित असेल. एकट्या १९३६ सालाचेच पाहा. त्या वर्षी ३० एप्रिलला गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले आणि सेवाग्राम आश्रमाची सुरुवात झाली. त्याच वर्षी राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. त्याच वर्षी मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला महारोग्यांच्या सेवेचे काम उभे केले. आणि त्याच वर्षी विजयादशमीला, २५ ऑक्टोबर रोजी, लक्ष्मीबाई केळकरांनी वर्ध्यात राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. चारही कामांची दिशा वेगळी आणि काहींची तर एकमेकांना पाठमोरी. पण पाळणा एकाच गावात, एकाच वर्षी हलला.

यातल्या बहुतेक गोष्टींच्या मागे जमनालाल बजाज होते. १९२१ साली त्यांच्याच आग्रहावरून गांधीजींनी विनोबांना साबरमतीहून वर्ध्याला धाडले. ८ एप्रिलला विनोबा आले आणि इथे सत्याग्रहाश्रम सुरू झाला. वर्ध्याच्या या साऱ्या वंशवृक्षाचे बी पेरले गेले ते तिथे.

आता एक गंमत पाहा. सेवाग्रामला गांधीजी 'बापू' आणि कस्तुरबा 'बा'. जमनालालजी 'काकाजी'. पवनारला विनोबा 'बाबा'. सेविका समितीत लक्ष्मीबाई केळकर 'मावशी', आणि त्यांच्यामागून प्रमुख झालेल्या सरस्वतीबाई आपटे 'ताई'. आचार्य, अध्यक्ष, सरचिटणीस ही पदे कागदोपत्री असतील नसतील. जिभेवर मात्र घरातलीच नाती बसली. अमेरिकेतल्या मुलींना बहीण व्हायला ग्रीक अक्षरे लागली. आपल्याकडे संस्थापकालाच घरच्या वडीलधाऱ्याच्या पाटावर बसवले की बाकीचे सारे आपोआप भावंडे होतात. कुलवृत्तांताची सवय अशी कुठेही गेली तरी सुटत नाही!

यातले सेवाग्राम सर्वांत प्रसिद्ध, म्हणून आधी ते पाहू. गांधीजींनी मीराबहेनना अट घातली होती की घर गावच्या मालमसाल्याचे आणि गावच्या मजुरांच्या हातचे असावे, आणि त्याला शंभर रुपयांहून अधिक खर्च येऊ नये. त्याप्रमाणे आधी 'आदि निवास' उभे राहिले. त्याच एका घरात सगळ्यांचा राबता. पुढे मीराबहेनची झोपडी होती ती 'बापू कुटी' झाली. शेजारी 'बा कुटी', आणि थोड्या अंतरावर 'आखरी निवास'. गांधीजी १९४६ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीला निघाले, तिथून नोआखालीला गेले, आणि सेवाग्रामला परत येणे त्यांच्या नशिबी नव्हते. शेगावचे सेवाग्राम हे नाव १९४० सालचे. बुलढाणा जिल्ह्यातल्या गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाची गल्लत होई, म्हणून नाव बदलले. महात्म्याच्या गावाला नाव मिळावे ते पोस्टाच्या सोयीसाठी, हे मला फार आवडते.

बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबहेननी उठावात काढलेली ताडाची झाडे आणि चरखा अजून आहेत. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सरकारने बसवून दिलेला टेलिफोन दाखवतात. बिब्बे-कुचल्याच्या औषधापेक्षा मातीच्या पट्टीवर विश्वास ठेवणाऱ्या त्या घरातली साधी भांडीकुंडी दाखवतात. पण मला विचाराल तर तिथली सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि सापाची पेटी. रानात वस्ती, साप निघणारच. मारायचा तर नाही. तेव्हा पकडावा, पेटीत घालावा आणि लांब नेऊन सोडून द्यावा. अहिंसेवरची शंभर व्याख्याने एका बाजूला आणि ती पेटी एका बाजूला ठेवली तर काटा पेटीकडेच झुकेल.

तशीच ती परचुरे शास्त्र्यांची कुटी. संस्कृतचे पंडित, पण अंगावर कुष्ठ उमटलेले. आप्तेष्टांना नकोसे झालेले हे गृहस्थ सेवाग्रामला येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांना ठेवून घ्यावे की नाही हा प्रश्न आश्रमापुढे आलाच. लहान मुले, बायका, स्वयंपाक एकत्र. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांचे अंग चोळले. पाहुणे बापू कुटीत रेंगाळतात आणि या कुटीवरून भराभर पुढे जातात. वस्तू कमी आहेत म्हणून असेल.

मातीचे घर जपणे हे दगडाचा वाडा जपण्यासारखे काम नव्हे. वाड्याला कुलूप लावून ठेवता येते. मातीच्या भिंतीला कुलूप चालत नाही. तिला दर पावसाळ्याआधी आणि नंतर हात लागतो. सारवण हवे, लिंपण हवे, कौले फिरवायला हवीत, वाळवी लागलेला बांबू काढून नवा घालायला हवा. म्हणजे जी कुटी आपण आज पाहतो तिच्यातली किती माती १९३६ सालची हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. ती टिकली आहे ती पुन्हा पुन्हा केली गेली म्हणून. इव्हान इलिच हा जगप्रसिद्ध विचारवंत १९७८ च्या जानेवारीत एका परिषदेसाठी सेवाग्रामला आला होता. तो या झोपडीत बराच वेळ बसून राहिला आणि मग त्याने परिषदेत भाषण केले ते या झोपडीवरच. घर आणि वस्तू ठेवण्याची वखार यांतला फरक तिने त्याला शिकवला होता.

उलट, वस्तू म्हटली की तिला चोर असतोच. २०११ साली वृत्तपत्रांत बातमी आली की सेवाग्राम आश्रमातला गांधीजींचा चष्मा चोरीला गेला आहे. ज्या माणसाने आपल्या मालकीचे असे जवळजवळ काही ठेवले नाही, त्याच्या उरल्यासुरल्या वस्तूंना मोल आले आणि मोल आले तशी चोरी आली. परदेशांतल्या लिलावांत गांधीजींचे चष्मे, घड्याळे, पत्रे कोणत्या भावाने गेली हे आपण अधूनमधून वाचतोच. सारवणाचे पोतेरे मात्र कुणी चोरून नेल्याचे ऐकिवात नाही.

सेवाग्रामची जन्मकथा सर्वांत ताज्या रूपात पाहायची असेल तर आश्रमाच्या जवळच असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे वळावे. डॉ. सुशीला नय्यर यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, ते काढले. त्याच्या आधीची पायरी म्हणजे १९४५ चे कस्तुरबा रुग्णालय, अवघ्या पंधरा खाटांचे. इथे नव्याने आलेल्या मुलामुलींना वह्या-पुस्तकांआधी आश्रमात पंधरा दिवस राहावे लागते. पहाटेची प्रार्थना, श्रमदान, स्वतःचे ताट स्वतः घासणे, अंगावर खादी. पुढे प्रत्येक वर्ग एकेक खेडे दत्तक घेतो आणि मुले त्या खेड्यातली काही घरे आपली म्हणून वर्षानुवर्षे पाहतात. इतर ठिकाणी नवागतांचा छळ करून त्यांना 'आपल्यात' घेण्याची रानटी चाल पडली असताना इथली ही दीक्षा विशेष वाटते. पूर्वी इथल्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांवर एक निराळी प्रश्नपत्रिका असे. देशभर एकच प्रवेशपरीक्षा आली आणि ती प्रश्नपत्रिका गेली. आता आश्रमात उतरणाऱ्या मुलाने त्या पंधरा दिवसांआधी गांधींचे एक पानही वाचलेले असेल की नाही याची खात्री नाही. म्हणून ते पंधरा दिवस पूर्वीपेक्षा जड झाले आहेत. सगळीच मुले त्यातून काही घेऊन जात असतील असे कोण म्हणेल? पण ताट घासल्याची आठवण तरी राहते.

आता सेविका समितीकडे येऊ. लक्ष्मीबाई केळकर १९०५ साली नागपूरला दात्यांच्या घरी जन्मल्या आणि वर्ध्याच्या वकिलांच्या घरात सून म्हणून आल्या. १९३२ साली त्यांना वैधव्य आले, पदरात मुले. त्या काळी अशा बाईच्या वाट्याला घराचा मागचा दरवाजा यायचा. त्या पुढच्या दरवाजाने बाहेर पडल्या. मुलगे संघाच्या शाखेवर जात. स्त्रियांनाही असे शिक्षण का नको, हा प्रश्न त्यांनी डॉ. हेडगेवारांपुढे मांडला. संघात स्त्रियांना प्रवेश नव्हता, तेव्हा समांतर पण स्वतंत्र संघटना काढावी असे ठरले. इंग्रजी आद्याक्षरे दोघांचीही एकच निघाली!

या समितीने आपले मूळ जपले ते मुख्यतः मूर्तीने आणि सणांनी. तिची आराध्य देवता अष्टभुजा. तिचे मंदिर वर्ध्यात आहे. आणि स्थापनेचा दिवसच दसऱ्याचा असल्याने त्याची वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. सीमोल्लंघन आणि वाढदिवस एकदमच होतात. त्याशिवाय तीन आदर्श ठरवले गेले: मातृत्वाला जिजाबाई, कर्तृत्वाला अहिल्याबाई, नेतृत्वाला झाशीची राणी. यात चतुराई आहे. संस्थेचे वय मोजायला १९३६ पुरेसे असले तरी मुलीच्या मनात गोष्ट सुरू होते ती शिवनेरीवर. मूळ पुरुषाच्या मागे आणखी तीन मूळ स्त्रिया उभ्या केल्यासारखे ते झाले. मावशी स्वतः रामायणावर प्रवचने करीत. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, फाळणी अगदी दारात आली असता, त्या कराचीला तिथल्या सेविकांना भेटायला गेल्या, ही कथा समितीत विशेष अभिमानाने सांगितली जाते. डेल्टा सिग्मा थीटाच्या मुली मोर्चा सांगतात तशी. समितीच्या विचारांशी कुणाचे जमो वा न जमो, पण १९७८ साली मावशी गेल्यानंतरही ती उभी राहिली, याचे श्रेय या सांगण्याला दिलेच पाहिजे.

आणि मग पवनार. वर्ध्यापासून नागपूरच्या वाटेवर, धाम नदीच्या काठी.

मार्च १९३८ मध्ये प्रकृती खालावली म्हणून गांधीजींनी विनोबांना विश्रांती घ्यायला सांगितले. जमनालालजींचा नदीपलीकडे एक बंगला होता, तिथे जायचे ठरले. मोटार धाम नदीच्या पुलावरून जात असता विनोबांनी मनाशी तीन वेळा म्हटले, मी सोडले. म्हणजे आजवरची सारी कामे, साऱ्या चिंता त्या पुलावर टाकून दिल्या. पलीकडे जाऊन त्यांनी काय केले? रोज थोडेथोडे खणायला सुरुवात केली. वजन कमी झालेला, जेमतेम उभा राहणारा माणूस कुदळ घेऊन खणू लागला. आधी काही मिनिटे, मग हळूहळू अधिक. आणि खणता खणता जमिनीतून मूर्ती निघू लागल्या.

पवनार हे जुने गाव. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींचे मत होते. विद्वानांत त्यावर वाद आहेत, पण गावाखाली वाकाटककाळ पुरलेला आहे याबद्दल वाद नाही. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने इथे रीतसर उत्खननही केले. विनोबांच्या कुदळीला लागलेल्या शिल्पांपैकी एकात दोन पुरुष एकमेकांना भेटत आहेत. विनोबांनी ती राम-भरताची भेट मानली. याला पूर्वपीठिका होती. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना त्यांनी राम-भरताच्या भेटीच्या चित्राची कल्पना मांडली होती. एक वनात तप केलेला, एक अयोध्येत राहूनही तसाच तप केलेला. भेटताना दोघे इतके सारखे दिसावेत की वनातून आलेला कोणता हे सांगता येऊ नये. सहा वर्षांनी तुरुंगातली कल्पना शेतातून वर आली! मूर्तिपूजेच्या बाबतीत एरवी अलिप्त असणाऱ्या या माणसाने ते शिल्प आश्रमात बसवले.

पुढे १९५१ च्या एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झाले आणि विनोबांच्या पायाला तेरा वर्षे विसावा मिळाला नाही. ते पदयात्रेत असतानाच, २५ मार्च १९५९ रोजी, पवनारला ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. स्त्रियांनी, ब्रह्मचर्याने, सामूहिक साधना करावी म्हणून. या तारखेचे एक मर्म आहे. २५ मार्च १९१६ ला वीस वर्षांचा विनायक नरहर भावे इंटरच्या परीक्षेला म्हणून बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसला, सुरतला उतरला आणि काशीच्या वाटेला लागला. ब्रह्माच्या शोधात घर सोडण्याचा तो दिवस. म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी, आपण घर सोडले त्या तारखेला त्यांनी भगिनींचे घर बांधले.

या माणसाचे दोन्ही बाजूंनी पाहण्यासारखे आहे. घर सोडण्यापूर्वी त्याने आईच्या चुलीपुढे बसून आपली शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे जाळली. लिहिलेल्या कविता काशीत गंगेला दिल्या. कागद म्हणून जे काही जपावे ते त्याला जपवत नसे. पण तारखा मात्र काटेकोर. ७ जून १९१६ ला गांधींची पहिली भेट. बरोबर पन्नास वर्षांनी, ७ जून १९६६ ला, त्यांनी स्थूल कामातून सूक्ष्म कर्मात जात असल्याचे जाहीर केले. प्रमाणपत्र जळते, तारीख जळत नाही, एवढाच याचा अर्थ लावावा.

स्त्रियांतून शंकराचार्यांसारखी ज्ञान-वैराग्याने तळपणारी स्त्री निघेल तेव्हाच स्त्रीची खरी मुक्ती, असे विनोबा म्हणत. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतून मुली आल्या. आईबापांनी लग्नाची बोलणी चालवलेली, आणि मुलगी म्हणते मी पवनारला जाते. त्या वेळी त्या त्या घरात काय झाले असेल याची कल्पना आपल्या वाचक भगिनींना सांगायला नको. साधू होणारा मुलगा आपल्या समाजाला माहीत होता. ब्रह्मवादिनी उपनिषदांत राहिली होती. इथे तिला खुरपे, जाते, झाडू आणि मुद्रणालय एकदमच मिळाले. 'मैत्री' हे हिंदी मासिक या भगिनी स्वतःच काढीत आणि स्वतःच छापीत. आश्रमाला प्रमुख नाही. निर्णय सर्वसंमतीने, एकीचेही मन नसेल तर गोष्ट थांबते. बहुमताने हात वर करून मोकळे होणाऱ्या आपल्या मंडळांच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातला ताप कळेल. चार नंबरच्या वाफ्यात भेंडी लावायची की गवार, यावर सुद्धा सर्वांचे एक व्हावे लागणार! अशी रीत साठ-पासष्ट वर्षे चालवणे हे एखाद्या इमारतीपेक्षा मोठे स्मारक आहे, असे माझे मत आहे.

पवनारला पाहण्यासारखे काय, असे विचारले तर उत्तर अवघड आहे. विनोबांची खोली आहे, शिल्पे आहेत, नदी आहे. पण जन्मकथा काचेखाली नाही. ती पहाटेच्या ईशावास्यात आहे, दिवसा एकत्र म्हटल्या जाणाऱ्या विष्णुसहस्रनामात आहे, सायंकाळच्या स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत आहे. १५ नोव्हेंबर १९८२, दिवाळीची अमावास्या. आजारपणात विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले होते. त्या दिवशी गावोगाव पणत्या लागत असता ते गेले. त्यानंतरही दुसऱ्या दिवशी सहस्रनाम चुकले नसणार, आणि आज, दिवाळीच्या दिवशी, तुम्ही फराळाच्या ताटापुढे हा अंक चाळत असताना तिथे ते म्हटले जात असेल.

मात्र एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. १९५९ साली विशीत आलेली मुलगी आज हयात असेल तर पंच्याऐंशीच्या पुढे आहे. होल्ट हाउसला राखणदार पगारी ठेवता येतो. मातीच्या कुटीला गवंडी मिळतो. सर्वसंमतीला पगारी माणूस मिळत नाही. जी जन्मकथा रोज जगूनच सांगायची ठरवली, तिला दर पिढीला नव्या मुली लागतात, आणि ब्रह्मचर्याचे घर वंशाने चालत नाही. आपल्यापैकी किती जणी लेकीला पवनारला चार दिवस राहायला धाडतील? चार दिवस म्हणते आहे, जन्मभर नव्हे.

याच प्रश्नापुढे एकदा सारा गांधी परिवार उभा राहिला होता. गांधीजी गेल्यावर सहा आठवड्यांनी, मार्च १९४८ मध्ये, सेवाग्रामला सर्वांची बैठक झाली. नेहरू, राजेंद्रबाबू, मौलाना आझाद, कृपलानी, जयप्रकाश, कुमारप्पा, विनोबा. पुढे काय? या बैठकीतून 'सर्वोदय समाज' निघाला. वर्गणी नाही, शपथ नाही, बिल्ला नाही. विचार पटला की माणूस आत. आणि नावात गांधी नाही. वारसांनी पूर्वजांचे नाव पाटीवर न घालण्याची ही गोष्ट आपल्या देशात दुर्मीळच. गांधीजी तरी कुठे संस्थांना कवटाळून बसले होते? साबरमतीचा आश्रम त्यांनी १९३३ साली मोडला, गांधी सेवा संघ १९४० साली जवळजवळ गुंडाळला, आणि काँग्रेस विसर्जित करावी असा मसुदा मृत्यूच्या आदल्या दिवशी लिहिला. संस्था जन्माला घालणे आणि मोडणे या दोन्ही गोष्टी ते एकाच हाताने करीत.

त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला गांधीजींच्या अस्थींचा काही भाग पवनारला धाम नदीत सोडला गेला. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला तिथे सर्वोदय मेळा भरतो. इतर ठिकाणी समाधीवर हार-फुले वाहतात; इथे सुतांजली वाहतात. आपल्या हाताने कातलेल्या सुताची एक गुंडी. विनोबांचीच ही कल्पना. विकत आणलेली चालत नाही, दुसऱ्याकडून कातून घेतलेली चालत नाही, आणि पुढे तिचे कापड होते, फुलांसारखी ती दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जात नाही.

ज्यांच्या माळ्यावर सासूबाईंचा पेटीचरखा अजून पडून आहे त्यांच्यासाठी हिशेब देते. एक तार म्हणजे चार फूट, आणि सहाशे चाळीस तारांची एक गुंडी. म्हणजे अडीच हजार फुटांहून थोडे जास्त सूत. बसलेल्या हातालाही दोन-तीन तास लागतात. नवशिकीचा धागा पहिले आठ दिवस तुटतच राहतो, त्याला इलाज नाही. चात्याला तेल द्यावे, माळ बदलून घ्यावी, पेळू चांगले आणावेत. भाऊबीज आटोपली की सुरुवात केली, तर रोज पंधरा मिनिटे धरून १२ फेब्रुवारीपर्यंत एक गुंडी आरामात होते.